आठ मिनिटं, हलवू नका

दादा जाऊन सात आठवडे झाले, तरी त्याच्या नावाने रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन यायचा. बाईचा आवाज, साखरेत घोळलेला. "नमस्कार. रुग्ण अजून गाडीची वाट पाहत आहेत का? पाहत असल्यास एक दाबा." नसल्यास काय दाबायचं ते त्या बाईने कधी सांगितलं नाही. वहिनी दादाचा फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकायच्या आणि ठेवून द्यायच्या. एकदा वैतागून त्यांनी दोन दाबलं. बाई म्हणाली, "चुकीची निवड," आणि परत पहिल्यापासून सुरू झाली.

"भाऊजी, तुम्ही जाऊन काहीतरी सांगा त्यांना," त्या आपल्या दिराला म्हणाल्या. "मी शाळेत निघण्याच्या वेळेलाच नेमका येतो हो. मग दिवसभर डोक्यात तेच."

दीर म्हणजे मास्तर. त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण कात्री आणि टेप घेऊन उभं राहणाऱ्याला लोक मास्तरच म्हणतात, त्याला कोण काय करणार. पुरुषांच्या पँटी शिवण्यात त्यांचा हात धरणारं आजूबाजूला कोणी नव्हतं. गळ्यातली टेप झोपतानाच काय ती उतरायची. वहिनींनी सांगायची गरज नव्हती, मास्तरांना त्या ऑफिसात जायचंच होतं. फक्त त्यांचं कारण वेगळं होतं, आणि ते वहिनींना माहीत नव्हतं.

झालं होतं असं. मंगळवारची सकाळ, दहाचा सुमार. वहिनी कामावर, शाळेच्या प्रयोगशाळेत. दादा नेहमीसारखा दुकानात येऊन खुर्चीत पेपर वाचत बसला होता. मधेच त्याने पेपर खाली ठेवला आणि म्हणाला, "छातीवर कुणीतरी बसलंय रे." तोंडभर घाम. मास्तरांनी अँब्युलन्सला फोन लावला. बाई म्हणाली, "गाडी निघाली आहे. आठ मिनिटं. रुग्णाला हलवू नका."

समोर बेकरी आहे. पाववाला त्याची गाडी सुरू करून माल टाकायला निघतच होता. त्याने बघितलं, धावत आला. "घाला गाडीत, मी सोडतो." दादाने तर अर्धं उठूनही दाखवलं. "चल, याच्या गाडीतून जाऊ," म्हणाला. आणि मास्तर म्हणाले, "दादा, बस गप. आठ मिनिटांचा प्रश्न आहे. हलू नको म्हणालेत." पाववाल्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मास्तरांनी हात हलवून नको म्हटलं. मास्तरांनी आणखी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा आठ मिनिटं. गाडी आली बावन्न मिनिटांनी. दादा त्याआधी दहा मिनिटं गेला होता, मास्तरांच्या खांद्यावर डोकं ठेवून.

वहिनींना एवढंच ठाऊक होतं की गाडी उशिरा आली. पाववाल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. पाववाला बोलला नाही, पण तेव्हापासून मास्तर समोर आले की तो पावांकडेच बघत राहायचा.

मास्तरांना जाणून घ्यायचं होतं ते एकच. पहिल्यांदा 'आठ मिनिटं' म्हणाले, तेव्हा गाडी होती कुठे? खरोखर आठ मिनिटांवर असली आणि मग वाटेत टायर फुटला, काही झालं, तर त्यांनी दादाला अडवलं ते रास्त होतं. मग वहिनींना ते सांगता येईल. आणि नसली तर? त्याच्या पुढचं मास्तर मनातल्या मनातही बोलत नव्हते.

ऑफिस स्वच्छ होतं, उगाच नावं ठेवू नयेत. भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र: 'सरासरी वेळ आठ मिनिटं. सलग सहावे वर्ष.' त्याच्याखाली खिडकी, खिडकीमागे चष्मेवाल्या बाई, आणि त्यांच्यासमोर संगणक. मास्तरांनी तारीख सांगितली. बाईंनी पाहिलं.

"प्रकरण उघडं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे रुग्ण अजून वाट बघतायत."

"रुग्ण वारले हो. माझा भाऊ होता."

"ते तुमचं म्हणणं झालं," बाई म्हणाल्या, पण खेकसून नाही, समजावून. "हे बघा. रुग्ण गाडीत बसले का?"

"गाडी आली तेव्हा तो गेलेला होता. तुमच्याच ड्रायव्हरने नाडी बघितली आणि रिकामी गाडी घेऊन गेला."

"बरोबर केलं त्याने. गेलेल्या माणसाला ही गाडी नेत नाही, ते खातं वेगळं. म्हणजे रुग्ण गाडीत बसले नाहीत. आता जो बसला नाही तो वाट बघतोय. यात अवघड काय आहे?"

मास्तरांनी मृत्यूचा दाखला काढून खिडकीतून आत सरकवला. बाईंनी तो दोन बोटांनी परत बाहेर सरकवला. "आमच्याकडे मृत व्यक्ती नसतात," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात थोडा अभिमानही होता.

"बरं, नसू देत. मला फक्त सांगा, त्या दिवशी दहा वाजून चार मिनिटांनी गाडी कुठे होती."

"उघड्या प्रकरणाची माहिती बाहेर देत नाही. रुग्णाच्या उपचारांवर परिणाम होतो."

मास्तर शांत माणूस. पण त्या वेळी त्यांच्या मनात आलं की काचेतून हात घालून तो संगणक उपटावा आणि त्याचीच नाडी बघावी. "मग प्रकरण बंद करा," ते म्हणाले.

"करते की. रुग्णाला सहीला घेऊन या."

मास्तर नुसते उभे राहिले. मागे रांग नव्हती, त्यामुळे कुणी ढकललंही नाही. उभ्या उभ्या त्यांचं लक्ष बाईंच्या कोटाच्या डाव्या बाहीकडे गेलं. बाही खांद्यापाशी उसवली होती आणि बाई दर मिनिटाला ती उजव्या हाताने वर ओढत होत्या. धंद्याची खोड जात नाही. "हात पुढे करा," मास्तर म्हणाले. बाईंनी का कोण जाणे, केला. मास्तरांनी कॉलरमागे खोचलेली, दोरा ओवलेली सुई काढली आणि खिडकीतूनच सात टाके घातले.

बाईंनी हात वर करून पाहिला, खाली करून पाहिला. मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "एक मार्ग आहे. प्रतिनिधी रुग्ण."

"काय?"

"रुग्णाला येणं शक्य नसेल तर त्यांच्या जागी जवळचा माणूस गाडीत झोपतो. गाडी त्याच पत्त्यावर येते, तुम्हाला दवाखान्यात नेते, तिथे तपासतात, ठणठणीत असल्याचं लिहून देतात, की प्रकरण बंद. मग हवी ती माहिती घ्या. कपडे मात्र नोंदीत आहेत तेच लागतील. निळा चौकडीचा शर्ट, राखाडी पँट. आणि एक नातेवाईक बरोबर हवा, नाहीतर तुम्ही बेवारस ठरता."

"बरेच लोक करतात का असं?"

"रोज दोन-तीन," बाई म्हणाल्या. "गाड्या पुरत नाहीत हो."

वहिनींना वाटलं, मास्तर थट्टा करतायत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी कपाट उघडलं. शर्ट-पँट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेली होती. पँट मास्तरांनीच शिवलेली. दादा उंच, मास्तर बेताचे.

"लांब होईल तुम्हाला," वहिनी म्हणाल्या.

"तीन बोटं." मास्तरांनी टेप लावलीसुद्धा नाही. "दुमडून कच्चे टाके घालतो. नंतर उसवून देतो, होती तशी."

ते खाली बसून टाके घालत होते आणि वहिनी पलंगाच्या कडेला बसून बघत होत्या. "भाऊजी, कळलं गाडी कुठे होती, तर काय करणार आहात?"

"कळू दे तरी."

"मला नाही एवढं वाटत. उशिरा आली ती आली. दुसरी गाडी नव्हती, तुम्ही तरी काय करणार होतात."

मास्तरांच्या बोटात सुई घुसली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी बोट तोंडात घातलं.

ठरल्याप्रमाणे मंगळवारी सकाळी मास्तर दादाचे कपडे घालून दुकानात दादाच्या खुर्चीत बसले. नियमाप्रमाणे फोन केला. "गाडी निघाली आहे. आठ मिनिटं. रुग्णाला हलवू नका," बाई म्हणाली. वहिनी पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या होत्या, लग्नाला निघालेल्या माणसासारख्या. समोर पाववाला ट्रे हातात धरून उभा होता, आणि आज पहिल्यांदाच तो पावांकडे बघत नव्हता.

गाडी सहाव्या मिनिटाला कोपऱ्यावर आली. तिथेच थांबली. मास्तरांना ती दुकानातून अख्खी दिसत होती, पांढरीशुभ्र, इंजिन चालू. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग सायरन वाजवत ती दारात येऊन उभी राहिली.

"कोपऱ्यावर का थांबलात?" मास्तरांनी विचारलं.

"लवकर पोचलं की सरासरी बिघडते," ड्रायव्हर म्हणाला. जाडजूड, घामेजलेला, मनाने बरा वाटणारा माणूस. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं. "इथे मी येऊन गेलोय," तो हळूच म्हणाला. "तुम्हीच ना त्यांना धरून बसला होतात?"

मदतनीस रजेवर होता. त्यामुळे पाववाला ट्रे ठेवून आला आणि त्या दोघांनी मिळून एका धडधाकट माणसाला उचलून स्ट्रेचरवर घातलं. 'मी चढतो की' म्हणायची सोय नव्हती, रुग्ण चढलेला चालत नाही. चपला काढायला लावल्या. छातीवर एक पट्टा, मांड्यांवर एक. पाववाल्याने दार लावताना मास्तरांच्या पायाला जरासा हात लावला आणि मागे सरला.

गाडी चालू लागली. ड्रायव्हरच्या पाठीमागे एक छोटी खिडकी होती, उघडी. मास्तरांचं डोकं त्याच बाजूला. छताकडे बघत त्यांनी विचारलं, "त्या दिवशी दहा वाजून चार मिनिटांनी तुम्ही कुठे होतात?"

"ते तुम्हाला प्रकरण बंद झाल्यावर लेखी मिळेल."

"तोंडी सांगा."

ड्रायव्हरने एक वळण घेतलं. "प्रतिनिधी घेऊन चाललो होतो," तो म्हणाला. "तुमच्यासारखेच. एका बाईंचे यजमान गेले होते, त्यांच्या जागी जावई."

"काय झालं होतं जावयांना?"

"काही नाही. मजेत होते. जाताना मस्त डुलकी काढली त्यांनी. पण तपासणी, कागद, सह्या, यात वेळ जातो ना. त्यांना सोडल्याशिवाय तुमच्याकडे येणार कसा?"

"मग 'निघाली' कशी म्हणाली ती बाई?"

"हे हिरवं बटण आहे ना, ते दाबलं की ती म्हणते 'निघाली'. आणि न दाबून सांगता कुणाला. तीनदा दाबलं नाही की कामचुकार असा शेरा पडतो." त्याने आरशातून मागे पाहिलं. "खोटं म्हणाल तर तसं खोटं नाही. निघालेलो असतोच आम्ही, कुठेतरी."

"आणि आठ मिनिटं?"

"ते सगळ्यांनाच आठ."

सात आठवडे ज्या उत्तरासाठी मास्तरांना झोप नव्हती, ते हे. टायर फुटला नव्हता. रस्ता बंद नव्हता. गाडी आठ मिनिटांवर कधी नव्हतीच, तिच्यात एक जावई झोपलेला होता. मास्तरांना हसू यायला लागलं, आणि त्या हसण्याची त्यांना भीती वाटली. वहिनी स्ट्रेचरशेजारच्या बाकावर बसून त्यांच्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या समोरचा स्पीकर खरखरला.

"...श्वास घेता येत नाहीये तिला," एका पुरुषाचा आवाज. "माझी बायको. जिन्यातच बसलीय. पाण्याच्या टाकीमागे, पिवळी इमारत."

ड्रायव्हरचा अंगठा सवयीने हिरव्या बटणावर गेला.

"गाडी निघाली आहे," साखरेचा आवाज म्हणाला. "आठ मिनिटं. रुग्णाला हलवू नका."

"खाली शेजाऱ्यांची गाडी आहे, ते नेतो म्हणतायत—"

"रुग्णाला हलवू नका."

"बरं," तो माणूस म्हणाला. "बरं, नाही हलवत."

मास्तर उठायला गेले तसा छातीवरचा पट्टा आवळला गेला. "पाण्याची टाकी किती लांब आहे?"

"टाकी? तुम्हाला सोडायचं, तपासायचं, सही घ्यायची. पाऊण तास धरा."

"त्याला आपलं ऐकू जातं?"

"जातं. पत्ता विचारायला ठेवलंय. पण रुग्णाने—"

"अहो, ऐका," मास्तर खिडकीकडे तोंड वळवून जोरात बोलले. पट्ट्यामुळे मान तेवढी वळत होती. "जिन्यातले, ऐका. ही गाडी आठ मिनिटांत येणार नाही. मी तिच्यातच झोपलोय. मला काहीही झालेलं नाही."

पलीकडून नुसती तिची धाप ऐकू येत होती.

"माझ्या भावाच्या वेळी मला पण आठ म्हणाले होते," मास्तर म्हणाले. "दारात पाववाल्याची गाडी उभी होती. चालू. भाऊ म्हणत होता, चल जाऊ. तो उठला होता हो. मीच त्याला खाली बसवला. बस गप म्हणालो. बावन्न मिनिटं बसवून ठेवला. तुम्ही थांबू नका. शेजाऱ्याच्या गाडीत घाला तिला आणि निघा."

"ड्रायव्हरसाहेब, हे खरंय का?" स्पीकरमधून आलं.

ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. तो बटणाकडे बघत होता. "खरंय," तो म्हणाला. "पाऊण तास लागेल. निघा तुम्ही."

"चुकीची निवड," बाई म्हणाली.

पण तोवर पलीकडे पावलं वाजायला लागली होती, आणि आवाज लांब लांब जात होता, "काढा, गाडी काढा, धरा तिला..."

मास्तर छताकडे बघत पडून राहिले. वहिनींकडे बघायची हिंमत नव्हती. छातीवरचा पट्टा खटकन सुटला. मग मांड्यांवरचा. वहिनींनीच सोडला होता.

"उतरा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "गाडी मोकळी करा."

"असं उतरवता येत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "प्रकरण कायमचं उघडं राहील. आणि रुग्ण मधेच उतरल्याचं बटणच नाही माझ्याकडे."

"मग दाबू नका," वहिनी म्हणाल्या.

ड्रायव्हरने एकदा दोघांकडे पाहिलं. मग तो स्वतःच उतरला आणि त्याने मागचं दार उघडून धरलं. "त्यांच्या वाटेने समोरून जातो मी," तो म्हणाला. "वाटेत गाठ पडली तर आपल्याकडे घेईन. ऑक्सिजन तरी लावता येईल." सायरन सुरू झाला, गाडी वळली आणि सुसाट गेली. मास्तरांच्या चपला घेऊनच गेली.

रस्त्याच्या कडेला ते दोघं उभे राहिले. उतरताना पँटचे कच्चे टाके सुटले होते, आणि दादाच्या पँटचे पाय मास्तरांच्या पावलांवरून जमिनीपर्यंत आले होते. मास्तर त्याच्याकडेच बघत होते. दुसरीकडे कुठे बघणार?

"सात आठवडे," वहिनी म्हणाल्या. "रोज माझ्यासमोर जेवत होतात."

"हो."

"मी म्हणत होते, दुसरी गाडी नव्हती. आणि तुम्ही ऐकून घेत होतात."

"हो, वहिनी."

वहिनींनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते, आणि मास्तर जागचे हलले नाहीत, कारण जवळ जायचा आपल्याला आता हक्क नाही असं त्यांना वाटत होतं. एक सायकलवाला त्या दोघांकडे बघत निघून गेला. बऱ्याच वेळाने वहिनींनी पदराने नाक पुसलं.

"पुढे बसणार होते की मागे?" त्यांनी विचारलं. "पाववाल्याच्या गाडीत."

"मागे," मास्तर म्हणाले. "मागेच बसतो म्हणाला. जाता जाता पाव खाता येतील."

"असं म्हणाले?"

"घाम पुसत म्हणाला. मी तेव्हाही त्याला गप बस म्हणालो."

वहिनी हसल्या. रडता रडताच हसल्या, आणि ते थांबेना, तेव्हा फुटपाथच्या कडेला बसल्या. "खाल्ले असते," त्या म्हणाल्या. "छातीवर हात ठेवून खाल्ले असते त्यांनी."

मग त्यांनी हात लांब करून मास्तरांच्या पँटचा एक पाय धरला, जवळ ओढला आणि दुमडायला लागल्या. एक घडी, दुसरी घडी. तीन बोटं.

"दुसरा पाय द्या," त्या म्हणाल्या. "अनवाणी चालायचंय, अडखळाल."